भद्रावतीचा घोडा

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या आसऱ्याने पसरलेला जुना चांदा जिल्हा, ज्यातून १९८२ साली गडचिरोली वेगळा निघाला, हा मुळात घोड्याचा मुलूख नव्हे. सागाबांबूचे निबिड अरण्य, धानाच्या बांध्या, गावोगावचे मालगुजारी तलाव आणि पावसाळ्याचे चार महिने चिखलात बुडून जाणाऱ्या वाटा अशा या भूमीत ओझे वाहिले ते बैलाने, बांधीतला चिखल तुडवला तो रेड्याने. आणि चांद्याच्या कोटाच्या दरवाजांवर गोंड राजांनी राजचिन्ह म्हणून जो कोरविला तोही हत्तीवर चढलेला सिंह. असे असता पुराणकथांतील सर्वांत नामांकित घोडा याच जिल्ह्यातला, अशी लोकश्रुती आहे.

चांद्याहून वरोऱ्याकडे जाताना लागणारे भद्रावती, ज्याला रेल्वेच्या लेखी अजूनही भांदकच म्हणतात, ती जैमिनीच्या अश्वमेधकथेतील यौवनाश्व राजाची राजधानी होय असे तिथले लोक सांगत आले आहेत. युधिष्ठिराच्या यज्ञासाठी लागणारा श्यामकर्ण अश्व आणावयास भीम, कर्णपुत्र वृषकेतू आणि घटोत्कचाचा पुत्र मेघवर्ण असे तिघे येथे आले, आणि घोडा पहाऱ्यात तळ्यावर पाणी प्यावयास निघाला असता मेघवर्णाने मायेने अंधार पाडून तो पळविला. श्रीधरासारख्या कवींनी ही कथा ओवीत आणून मराठी घरांत नेली. भांदकच्या आसमंतात तलावांना तोटा नाही. त्यांतील एका तलावात बेटापर्यंत नेणारा दगडी खांबांचा प्राचीन पूलही आहे. तेव्हा कथेला जागा शोधण्याचे श्रम पडले नाहीत. कर्नाटकातही एक भद्रावती आहे हे खरे, परंतु त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एवढ्या थोर घोड्याची ओळख पटविण्यास कवीला एक अवयव पुरला : अंग शुभ्र आणि कान काळा. महाभारताच्या उद्योगपर्वात विश्वामित्राने गालवाकडे गुरुदक्षिणा म्हणून आठशे घोडे मागितले, त्यांचीही खूण हीच.

वैदिक ऋत्विजांची दृष्टी मात्र याहून बारीक होती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अश्वसूक्तात घोड्याच्या चौतीस फासळ्या सांगितल्या आहेत. आजचे पशुवैद्य सामान्यतः छत्तीस मोजतात, पण काही घोड्यांत सतराच जोड्या आढळतात, म्हणून तो आकडा कल्पनेचा म्हणून सोडून देता येत नाही. अशी मोजणी घोड्याचे अंगांग वेगळे करणाऱ्यालाच साधते. विदर्भातच त्याचा एक मूक पुरावा आहे : नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी १९७० नंतर उकरलेल्या शिलावर्तुळांत माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांच्या अस्थी निघाल्या, तोंडावर चढविण्याचे तांब्याचे अलंकार निघाले, आणि विदर्भातील अशा घोड्यांच्या हाडांवर सुऱ्यांचे वार दिसून आले.

बाह्यांगाचे शास्त्र रचले ते ज्यांना घोडा विकत घ्यावयाचा होता त्यांनी. कौटिल्य उत्तम अश्वाचे मुख बत्तीस अंगुळे सांगून पुढची मापे अवयवांनीच घेतो : लांबी पाच मुखे, जंघा वीस अंगुळे आणि उंची चार जंघा. अंगुळांचा हिशेब करू गेल्यास ही उंची ऐंशी अंगुळे, म्हणजे पाच फुटांच्या घरात येते, जी खऱ्या घोड्याच्या पाठीला शोभते.  वराहमिहिराने बृहत्संहितेत कपाळ, छाती, कुशी इत्यादी ठिकाणच्या केसांचे दहा ध्रुव आवर्त नेमून दिले, आणि तंजावरच्या सरस्वती महालाने नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्र १९५२ साली चित्रांसह छापले.

मराठ्यांच्या पागेत हीच विद्या सलोत्र्याच्या, म्हणजे घोड्यांच्या वैद्याच्या, बोटांत उतरली होती. खालचा ओठ ओढून तो प्रथम पुढचे दात पाही. कारण मधली जोडी अडीचाव्या, तिच्या शेजारची साडेतीनाव्या आणि कडेची साडेचाराव्या वर्षी पालटते, त्यानंतर दातांवरचे काळे खळगे सहा, सात आणि आठ या वर्षी क्रमाने झिजतात, आणि आठव्यानंतर सौदागराच्या शपथेखेरीज फारसा आधार उरत नाही. तापल्या सळईने खोटे खळगे पाडणारे सौदागरही असतच. मग हात गळ्यावरून छातीकडे येई. तिथला देवमण नावाचा भोवरा शुभ. पायावरच्या भोवऱ्याचा रोख खाली असेल तर तो खुंटा गाडणारा, वर असेल तर खुंटा उपटणारा, म्हणजे धन्याचे घर मोडणारा. चारही पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी. त्यात आयाळ, शेपूट आणि छातीही पांढरी तो अष्टमंगल. या भोवऱ्यांवर जेवढी शाई खर्ची पडली तिच्या चतुर्थांशाने जरी खुराचा विचार झाला असता तरी पुष्कळ जनावरे वाचली असती, असे माझे मत आहे.

याच लक्षणांचा उपयोग दप्तरात निराळ्या हेतूने झाला. अलाउद्दीन खिलजीने सुरू केलेली आणि अकबराने पुन्हा कडक केलेली दाग व चेहऱ्याची पद्धत हीच की, घोड्याच्या अंगावर डाग द्यावा आणि रंग, टिळा, पायांची पांढरी, अंगावरच्या खुणा हे सर्व चेहरा म्हणून लिहून ठेवावे, म्हणजे मोजदादीच्या दिवशी उसनवारीचे तट्टू उभे करून तनखा उपटता येऊ नये. घोडा मेला तर डागासकट कातडे हजर करावे लागे. १७५१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला तेव्हा त्यांच्या फौजेतही बारगीर सरकारी घोड्यावर आणि शिलेदार घरच्या घोड्यावर असा भेद होताच. आणि ज्याचा घोडा पडला त्याची रोजीच बुडाली, मग भरपाईची तक्रार सरकारदरबारी गेल्यावाचून कशी राहील? घोड्याच्या अंगाचे इतके काटेकोर वर्णन आपल्याकडे शिल्लक राहिले त्याचे मूळ अश्वप्रेमात थोडे आणि संशयात अधिक आहे.

आता खुराकडे येतो. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते वस्तुतः मनगट. मागचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो ती टाच. आणि सगळा देह उभा असतो तो चार पायांच्या एकेका मधल्या बोटाच्या नखावर. खुराच्या तळाशी जी त्रिकोणी मऊ गादी असते ती पाऊल पडताना धक्का सोसते. दख्खनच्या मुरमाड माळावर हे नख घट्ट राहते. धानपट्ट्यातल्या ओलीत ते फुगून मऊ पडते, गादी कुजून दुर्गंधी सुटते आणि जनावर लंगडते. त्याहून वाईट चावऱ्या माश्यांचा उपद्रव. त्यांच्यामुळे पावसाळ्यात नि त्यामागून रानात सर्रा हा रोग पसरे : ताप चढून उतरे, घोडा खात असूनही वाळे, पोटाखाली आणि चारही पायांवर सूज धरे. हा रोग रक्तातल्या सूक्ष्म जंतूने होतो हे १८८० साली ग्रिफिथ एव्हान्स याने पंजाबकडील डेरा इस्माइलखानात दाखविले. नागपूरकरांच्या घोडदळाला चांद्यापर्यंत दौड करणे साधले, पण वैनगंगेपलीकडच्या रानात पागा वसविणे हे कोणाच्याही आवाक्यातले काम नव्हते.

त्या रानात घोडा राहिला तो देवाच्या पदरी. गोंडांच्या दैवतांत कोडापेन हा अश्वदेव आहे, आणि मध्य हिंदुस्थानातल्या आदिवासींत देवस्थानी मातीचे घोडे वाहण्याची चाल जुनी आहे. व्हेरियर एल्विनने १९५१ च्या आपल्या ग्रंथात अशा मूर्ती आस्थेने नोंदविल्या. चाकावर ओढलेल्या पोकळ नळ्या जोडून केलेल्या अशा घोड्याचे पाय चार सरळ खांब असतात, त्यांना ना मनगट ना टाच. मान पुढे न जाता ताठ वर उभी. डोळा म्हणजे चिकटविलेली मातीची गोळी. कान चिमटीने वर ओढलेले. पाठीवर कधी खोगिराची कड दाबून उमटविलेली. सलोत्र्यापुढे आणला तर त्याला दात नाहीत म्हणून वय ठरणार नाही, भोवरे नाहीत म्हणून शुभाशुभ सांगता येणार नाही, आणि कारकुनाला चेहरा लिहावयास काही सापडणार नाही. पण त्याचा खूर ओलीने कुजत नाही आणि सर्रा त्याला होत नाही, आणि चांद्याच्या पावसाळ्यात हे दोन गुण काही थोडेथोडके नव्हेत.