तिरुवोट्टियूरची फटफटी

चेन्नईस बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्या वर्षी घाटाची उणीव फार जाणवते. शहर सपाट, डोंगर म्हणावा असा पाहावयाचा तर वेल्लोरच्या बाजूस जावे लागते. आम्हीही एका रविवारी येलगिरीस निघालो, तेही स्नेह्याच्या जुन्या बुलेटवर मागे बसून.

ही फटफटी विलायती की देशी? तिचे जन्मगाव इंग्लंडातील रेडिच. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याने तिची मोठी मागणी नोंदविली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आरंभी विलायतेहून आलेले सुटे भाग जोडीत. १९५७ मध्ये ते भाग घडविण्याची साधनेच इकडे विकत घेण्यात आली. एका सरकारी मागणीपत्रातून एवढे घडू शकते, हे आपल्यासारख्या फायलींत बुडालेल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे! पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना मिटला, १९७० साली विलायतेतील उत्पादनच थांबले. आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडात विक्रीस जाऊ लागली. माहेर बुडाले, परंतु सासरी गेलेल्या लेकीने माहेरचे नाव राखले, असा हा प्रकार.

येलगिरीच्या घाटात चौदा वळणे. अशा वळणास तमिळमध्ये अंबाड्याच्या पिनेचे नाव आहे, आणि येथल्या वळणांना तर कवींची व दानशूर राजांची नावे दिलेली. बुलेटचे एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचे. दट्ट्याची धाव मात्र ९० मिलिमीटर. म्हणून संथ चालीतही ती चढाचा जोर सोडीत नाही. परंतु इंजिन वाऱ्याने थंड होणारे. चढावर चाल मंद, वारा कमी, त्यात वैशाखाचे ऊन. नवव्या वळणावर आम्हास अर्धा तास सावलीत थांबावे लागले. उतरताना मात्र स्नेह्याने खालच्या गियरवरच गाडी आवरली. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात.

परतताना वेल्लोरला चहा घेतला. १६७७ च्या स्वारीत किल्ल्यास वेढा घालताना शिवाजी महाराजांनी शेजारच्या टेकड्यांवर दोन गढ्या उभारून त्यांस साजरा-गोजरा ही नावे दिली होती. त्या कोणत्या, हे आम्ही चहावाल्यास विचारले. त्यास ठाऊक नव्हते. त्याने उलट आम्हासच विचारले, गाडी कोणत्या सालची?