कॅमेरा नेमका कुठे लावायचा? हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरून समजून घ्या त्यामागचं गणित

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. सकाळी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ मच्छिमारांना १६ मीटर लांबीची, अर्धवट मोडलेली एक बोट दिसली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं निघाली आणि रायगड जिल्ह्यात नाकाबंदी लागली. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि बेवारस बोट वाहत वाहत कोकणात आली.

घाबरायला कारण होतं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला उतरवलं गेलं होतं. मग किनाऱ्यावर नजर ठेवायची, तर कुठून?

२६/११ नंतर देशाच्या किनाऱ्यावर पहिल्या टप्प्यात ४६ टेहळणी केंद्रं उभी राहिली. तिथे रडारच्या जोडीला दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे आहेत आणि त्यातली बरीच केंद्रं दीपगृहांवर आहेत. कारण साधं आहे: पृथ्वी गोल आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. १० मीटर उंचीवरून ते सुमारे ११ किलोमीटर, १०० मीटरवरून जवळपास ३६. उंची दहापट केली तरी नजर तिपटीहून थोडीच जास्त पोहोचते. आणि हा हिशेब स्वच्छ हवेचा. आषाढातल्या पावसात तो विसरायचा.

उंचीचा प्रश्न सुटला तरी आडोशाचा उरतोच. १९७३ मध्ये व्हिक्टर क्ली या गणितज्ञाने विचारलं होतं: कोपरेच कोपरे असलेल्या कलादालनाचा प्रत्येक भाग दिसायला किती पहारेकरी लागतील? दोन वर्षांत वाशेक ख्वातल यांनी उत्तर सिद्ध केलं. कोपऱ्यांच्या संख्येला तीनने भागा, अपूर्णांक सोडा. तेवढे नेहमी पुरतात. १२ कोपऱ्यांच्या दालनाला चार पुरे. पण या पहारेकऱ्याला चहूबाजूंनी आणि कितीही लांबचं दिसतं. खऱ्या कॅमेऱ्याला कोन असतो, पल्ला असतो आणि खर्चही असतो.

म्हणून प्रत्यक्षात प्रश्न वेगळा मांडतात. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग घ्या. डोंगरातून पायऱ्या उतरतात, मग समुद्राला लागून खडकावरची वाट. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि लाट माणसाला ओढून नेऊ शकते. समजा, या वाटेचे सहा पट्टे पाडले. कॅमेऱ्यासाठी तीन जागा आहेत. ‘अ’ खांबावरून पट्टा २, ३, ४, ५ दिसतात. ‘ब’ वरून १, २, ३. ‘क’ वरून ४, ५, ६. कॅमेरे दोनच आहेत.

बहुतेक जण आधी ‘अ’ निवडतील, कारण तिथून सर्वांत जास्त दिसतं. तिथेच चूक होते. ‘अ’ नंतर दुसरा कुठेही लावला तरी एक पट्टा अंधारात राहतो. ‘ब’ आणि ‘क’ घेतले, तर सहाही पट्टे दिसतात.

संगणकाला हेच सांगतात: प्रत्येक जागेला १ किंवा ० द्या, म्हणजे कॅमेरा आहे किंवा नाही. बेरीज बजेटबाहेर जाता कामा नये आणि दिसणारे पट्टे जास्तीत जास्त हवेत. रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ मध्ये ही मांडणी दिली. कॅमेऱ्यांइतकीच ती अग्निशमन केंद्रं किंवा रुग्णवाहिकांच्या जागा ठरवायलाही चालते. ४० जागांतून ६ निवडायचे ३८ लाखांहून अधिक प्रकार होतात, ते संगणक सहज तपासतो. १०० मधून २० निवडायचे म्हटलं, तर प्रकारांचा आकडा २१ अंकी होतो आणि एकेक तपासणं अशक्य होतं. तेव्हा ‘आधी सर्वांत मोठा फायदा’ हीच घाईची रीत कामी येते. ती सर्वोत्तम उत्तराच्या निदान ६३ टक्के तरी गाठतेच, हे १९७८ मध्ये सिद्ध झालंय.

सगळे पट्टे सारखे महत्त्वाचे नसतात, हे मात्र गणिताला आपणहून कळत नाही. लाटेच्या माऱ्यातल्या खडकाला १० गुण आणि देवळासमोरच्या मोकळ्या जागेला २, हे माणसानेच ठरवायचं. त्यासाठी स्थानिक मच्छिमार किंवा पुजारी अभियंत्याइतकेच उपयोगी, कारण भरती कुठवर चढते ते त्यांना पाठ असतं.

आणि खारा वारा. किनाऱ्यावर उपकरणं गंजतात, काचेवर मीठ साचतं. म्हणून मोक्याचा प्रत्येक पट्टा एकाऐवजी दोन कॅमेऱ्यांना दिसावा, अशी अट घालतात. वरच्या उदाहरणात ती घातली की नाकारलेला ‘अ’ खांब परत यादीत येतो. त्याच्यामुळे मधले चार पट्टे दोनदा दिसतात. पट्टा १ आणि ६ मात्र तरीही एकेकाच खांबावरून दिसतात. तिथे नवा खांब उभारावा लागेल.