आर्क्टिक सागरी बर्फ

उत्तर ध्रुवाभोवतालच्या महासागराचे पाणी गोठून तयार होणारा तरंगता बर्फ. त्याचा विस्तार मार्चमध्ये सर्वाधिक, साधारण 150 लाख चौ. किमी., असतो आणि सप्टेंबरच्या मध्यास सर्वांत कमी.

ऑक्टोबर 1978 मध्ये सोडलेल्या निंबस-7 या अमेरिकी उपग्रहापासून त्याची सलग नोंद मिळते. बर्फ आणि पाणी यांतून निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांतला फरक उपग्रह टिपतो. त्यामुळे ढग असोत वा ध्रुवावरची लांबलचक रात्र, मोजणी चालूच राहते. 1980 च्या दशकात सप्टेंबरचा विस्तार सरासरी 70 लाख चौ. किमी.च्या आसपास होता. सप्टेंबर 2012 मध्ये तो सुमारे 34 लाखांवर आला. हा विक्रम 2024 पर्यंत मोडलेला नाही, पण म्हणून बर्फ सावरला असे मुळीच नाही: 2007 ते 2024 या प्रत्येक वर्षाचा नीचांक 2007 पूर्वीच्या सर्व नोंदींपेक्षा खाली आहे.

बातम्यांत क्षेत्रफळाचे आकडे येतात. खरी हानी मात्र बर्फाच्या वयाची आहे. नव्या बर्फात खारे पाणी बारीक कप्प्यांत अडकलेले असते. एकदोन उन्हाळे निभावले की ते झिरपून जाते आणि बर्फ जवळजवळ गोडा होतो. ध्रुवीय प्रवासी असाच जुना बर्फ वितळवून पिण्यास वापरत. वर्षभराचा बर्फ दीड-दोन मी., तर मुरलेला तीन-चार मी. जाड असतो. 1985 च्या सुमारास आर्क्टिक महासागरातील मार्चच्या बर्फापैकी एक-तृतीयांश चार वर्षांहून जुना होता. अलीकडे तो 5 टक्केही नसतो. पूर्वी बोफर्ट समुद्राच्या चक्राकार प्रवाहात बर्फ वर्षानुवर्षे फिरत जाड होई. आता त्या चक्राच्या दक्षिण भागातच तो उन्हाळ्यात वितळतो. बर्फावरचे हिम 80 टक्क्यांहून अधिक ऊन परतवते, उघडा समुद्र जेमतेम 6 टक्के. म्हणून एकदा पाणी उघडे पडले की वितळण्याचा वेग वाढतो.

हा बर्फ तरंगता असल्याने त्याच्या वितळण्याने समुद्रपातळी फारशी वाढत नाही. ती वाढते ग्रीनलंडसारख्या भूमीवरील बर्फामुळे.

आर्क्टिकमधील स्वालबार बेटांवर 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. स्वालबारच्या काँग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचे उबदार पाणी शिरू लागल्याने 2006 पासून हिवाळ्यातही बर्फ फार कमी धरतो. या पाण्याचे तापमान व क्षारता मोजणारी ‘इंडआर्क’ ही भारतीय वेधयंत्रणा 2014 मध्ये फ्योर्डच्या पाण्याखाली बसवण्यात आली.