पंडिता रमाबाईंची प्रार्थना आणि धैर्य

शाळेत इतिहास शिकवताना पंडिता रमाबाईंच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद यायचा. शारदा सदन, १८८९, विधवांचे शिक्षण... झाले! या बाईंना एवढे धैर्य आले कुठून, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. ऐन तारुण्यात दक्षिणेतल्या दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. त्याआधी या कुटुंबाने रानात पाने व रानफळे खाऊन दिवस काढले होते. मोहफुले आणि कंदमुळांवर तगलेल्या आपल्या जंगलपट्टीला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही ‘चर्च सांगते म्हणून मानायचे’ हे त्यांना पटले नाही. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. बायबल स्वतः वाचून, पटेल तेच स्वीकारायचे, असा त्यांचा बाणा होता. म्हणजे त्यांचा अभ्यास हाच त्यांच्या धैर्याचा पाया होता.

पुण्यात १८९३ साली कसोटी लागली. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण सदन धर्मनिरपेक्ष राहील असे पालकांना सांगितलेले होते. रमाबाईंचे म्हणणे एवढेच, की मी कोणाला बोलावत नाही. पण माझे दारही लावून घेणार नाही.

खरे धैर्य दिसले ते १८९६-९७ मध्ये. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, याच प्रांतात होता. ज्या भुकेने घर उद्ध्वस्त केले, तीच भूक पुन्हा डोळ्यांनी पाहायला रमाबाई आपल्या पायांनी गेल्या! हाती पुरेसा पैसा नव्हता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवली, हे त्यांनी वाचले होते, तोच आधार. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले. तेच पुढे मुक्ती सदन झाले. त्याच वर्षी प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते स्वधर्मीय होते, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. सामान्य बाईला कळेल अशी भाषा हवी, हा आग्रह. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रार्थनेने भीती जाते असे आपण म्हणतो. रमाबाईंची गेली असेल असे मला वाटत नाही. दुष्काळाच्या आठवणी अशा पुसल्या जात नाहीत. पण प्रार्थनेवरून उठल्यावर त्या कामाला लागत आणि भीतीला मागे बसून राहावे लागे. वाचक कोणत्याही धर्माचे असोत किंवा कोणताच न मानणारे असोत, एवढे तरी घेण्यासारखे आहे. आपली प्रार्थना आपल्याला कोणत्या दारापर्यंत चालत नेते, हे ज्याने त्याने पाहावे.