संशोधनाच्या वेशातली जाहिरात

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२ साली, तिथल्या बालमृत्यूंमुळे. त्याच वर्षी, २९ डिसेंबरला, बाळांच्या डबाबंद दुधाच्या व अन्नाच्या विक्रीला वेसण घालणारा केंद्रीय कायदा मंजूर झाला. या दोन घटनांचा थेट संबंध नाही. वावर-वांगणीची मुले डब्याच्या दुधाने गेली नाहीत. ती भुकेने, आजाराने आणि वेळेवर न मिळालेल्या उपचाराने गेली. तरीही मी त्या शेजारी ठेवतो, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अशक्त मुलाला काय भरवावे, हे डॉक्टरला कोण सांगते?

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये भाषण करून बाळांसाठी गोड कंडेन्स्ड दूध खपवणाऱ्यांवर उघड आरोप केला होता. पुढच्या काळात कंपन्यांनी आईइतकेच लक्ष डॉक्टर-परिचारिकांकडे वळवले. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या प्रसूतिगृहांत फिरू लागल्या, नमुन्याचे डबे फुकट वाटले जाऊ लागले. बालरोगतज्ज्ञ डेरिक जेलिफ यांनी यातून उद्भवणाऱ्या कुपोषणाला ‘व्यापारजन्य’ म्हटले. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एकच, अमेरिकेचे.

भारतीय कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली. तिचे नववे कलम मी अनेकदा वाचले आहे. कंपन्यांनी आरोग्यसेवकांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसा देऊ नये, असे सांगताना त्यात परिसंवाद, परिषदा, शिष्यवृत्त्या यांच्याबरोबर ‘संशोधनकार्य’ हाही शब्द आहे. माझ्या मते हा या कायद्याचा गाभा आहे. विक्रेत्याच्या पैशावर उभे राहिलेले संशोधन जाहिरातीचेच काम करू शकते, हे त्याने ओळखले.

हा कायदा मात्र दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नापुरता आहे. जव्हार-मोखाड्यातला वाद त्यापुढचा. १९९६च्या सुमारास फ्रान्समध्ये शेंगदाणे, दूध भुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांची एक पेस्ट तयार झाली. ९२ ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ५०० कॅलरी. तीव्र कुपोषित मुलावर घरीच उपचार करण्याच्या पद्धतीला २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी पाठिंबा दिला. मग आपल्याकडेही प्रश्न आला: पाकीट द्यावे, की अंगणवाडीत शिजवलेले गरम अन्न?

डॉक्टरांच्या वर्तुळात अशा उत्पादनाची बातमी बहुधा एका आकड्यासह फिरते: इतके टक्के मुले बरी झाली. पण कोणाच्या तुलनेत? ज्या मुलाला पाकीट मिळाले त्याचे दर आठवड्याला वजन झाले, औषधे मिळाली, घरी भेटीही झाल्या, तर श्रेय नेमके कशाचे? उपलब्ध प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने २०१३ साली पुरावा तोकडा असल्याचे सांगून ठोस निष्कर्ष काढणे टाळले. २०१९च्या आढाव्यात अधिक प्रयोग होते. पेस्टमुळे बरे होण्याचे प्रमाण बहुधा वाढते, पण मृत्यू कमी होतात का हे अनिश्चित, असे त्यात आले. म्हणजे पेस्ट ही फसवणूक नव्हे. पण जाहिरात या निष्कर्षाचा पहिला अर्धाच छापते.

दुसरा अर्धा आपल्या डोंगरात फार महत्त्वाचा आहे. भातकापणी संपली, दिवाळी झाली की वारली, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. नाव अंगणवाडीच्या नोंदवहीत राहते, मूल आईच्या कडेवर भिवंडी-वसईकडे निघते. आठ आठवड्यांत वाढलेले वजन भट्टीवर टिकले का, हे कोण मोजणार? तक्त्यात अशी मुले ‘मध्येच सोडून गेलेली’ ठरतात. टक्केवारी काढताना त्यांना वगळले, तर यशाचा आकडा आपोआप वाढतो.

मी डॉक्टर नाही. मी जुने कागद वाचणारा माणूस आहे. कागद मला एवढेच शिकवतात, की मुलांच्या अन्नाबद्दलचा कोणताही दावा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा कोणाचा? तुलना कोणाशी? आणि मोजणीतून किती मुले गळाली? तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा मोखाड्यातून भट्ट्यांकडे जाणारे टेम्पो भरू लागलेले असतील.