पट्टा, वादी आणि माळेगावची यात्रा

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, अमावास्येच्या तोंडावर, आमच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे एरवीचं छोटं गाव त्या दिवसांत माणसा-जनावरांनी फुलून जातं. घोडे, गाढवं, उंट येतात. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या दावणी लागतात. कुस्त्यांचे फड, तमाशाचे तंबू आणि वाघ्या-मुरळींचे मेळे रात्र जागवतात. या यात्रेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मात्र पट्टे शिवणारा माणूस आहे, माझी नजर आधी कातड्यावर जाते. घोड्याचा लगाम, तंग, दुमची; बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा; ढोलकीच्या पुड्या; वाघ्याची दिमडी; हलगीवाल्याच्या खांद्यावरचा पट्टा. ही सगळी यात्रा कातड्यानं बांधलेली आहे. शेजारच्या कंधारच्या किल्ल्याचा आणि राष्ट्रकूट राजांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला. हे कातडं कमावणाऱ्या, कापणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांचा इतिहासही तितकाच आमच्या भागाचा आहे.

निजामाच्या काळात इथल्या खेड्यात या कामाची वाटणी जन्मानंच ठरलेली होती. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं काम महारांकडं. कातडं कमावायचं ते ढोरांनी. जोडे, मोटा, पट्टे शिवायचे चांभारांनी. दोर वळायचे आणि हलगी वाजवायची ती मातंगांनी. एका हलगीच्या आवाजामागं अशा चार जातींची मेहनत होती, आणि त्या चौघांनाही मिरवणुकीत देवाजवळ जागा नव्हती. मोबदला रोख नसे. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि शेतकरी देईल ती ज्वारी बलुतं म्हणून घ्यायची. माझ्या आजोबांनी हे केलंय. वर्षभर ज्याची मोट शिवली, त्याच्याच खळ्यावर आपल्या हक्काचं धान्य मागताना मान खाली घालावी लागे, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आमच्या धंद्याचं मोठं काम म्हणजे मोट. विहिरीतून पाणी काढायची ही कातड्याची भलीमोठी पिशवी. तिला खाली सोंड, वर नाडा, सोंडेला सोंदूर. मोट सतत पाण्यात, म्हणून तिला करडई जाळून काढलेलं काळं, चिकट तेल चोळायचे. मराठवाड्यात करडई मुबलक, त्यामुळं हे तेल गावातच मिळे. मोट कापून उरलेल्या कातड्यातून मग लहान वस्तू निघत: आसुडाची वादी, घुंगरांचे पट्टे, कमरेचे पट्टे, आणि वाद्यांचे पट्टे. पोळा जवळ आला की घुंगरांच्या पट्ट्यांना मागणी वाढे, माळेगावची यात्रा आली की लगामांना आणि हलगीच्या पट्ट्यांना.

कातडं कमावण्याची जुनी रीत धीराची होती. आधी ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस सुटले की खरवडून काढायचे, मग धुऊन चुना घालवायचा. त्यानंतर कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात कुटलेली बाभळीची साल भरायची, तिकाटण्याला टांगायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं. सालीचा रस कातड्यातून झिरपत खाली भांड्यात जमे, तोच पुन्हा वर ओतायचा. बाभळीबरोबर तरवडाची साल आणि हिरडाही वापरत. आमच्या माळरानावर बाभूळ आणि तरवड दोन्ही मुबलक, त्यामुळं सालीसाठी बाहेर जावं लागत नसे. आठवडेच्या आठवडे हे चाले. वास असह्य असे, म्हणून ढोरवाडा गावापासून दूर. गावाला कातडं हवं होतं, कमावणारा माणूस जवळ नको होता.

हलगीचा पट्टा दिसायला साधा असतो, पण त्यात कसब लागतं. जनावराच्या पाठीच्या कण्यालगतचं कातडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणतं. म्हणून पट्टा पाठीतूनच काढायचा आणि लांबीतच काढायचा. ओला करून ताण देऊन वाळवायचा, मग रांपीनं कापायचा. कडा रांपीनंच तासून गोल करायच्या, नाहीतर रात्रभर वाजवणाऱ्याची मान सोलून निघते. आरीनं भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं टाके घालायचे. हलगीवाल्याचा डावा हात कडेवर असतो, त्याच हातात बारीक काडी, उजव्या हातात टिपरू. वाद्याचा सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यावर. तो नाचणार, गिरकी घेणार, मध्येच हलगी उतरवून शेकोटीवर तापवणार. म्हणून पट्टा पटकन सुटला पाहिजे आणि वाजवताना कधीच सुटता कामा नये. घामानं कातडं कडक होतं, त्याला अधूनमधून तेल पाजावं लागतं. वडिलांनी मला शिकवलं की माप घेताना माणसाला उभं करायचं नाही, त्याला वाजवायला लावायचं.

वाघ्याच्या सामानाचा इतिहास वेगळा आहे. त्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे आणि दिमडीला घोरपडीचं कातडं चढवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे बंद झालं आणि ते योग्यच झालं. आता पिशवी कापडाची किंवा साध्या चामड्याची असते, दिमडीला बकरीचं कातडं. बकरीचं कातडं पावसाळी हवेत लवकर सैल पडतं, म्हणून वाघ्ये शेकोटी शोधतात. पण खंडोबाची गाणी घोरपडीच्या कातड्यावाचून अडली नाहीत.

या कामाला मान द्यायचा प्रयत्न आमच्याच शेजारी फार आधी झाला. बसवकल्याण आमच्यापासून लांब नाही. 1956 पर्यंत तो मुलूख आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिथं बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुयायांत, म्हणजे शरणांत, चर्मकार हरळय्या होते आणि कातडं कमावणारे ककय्याही होते. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं, आणि लिंगायत परंपरा सांगते की त्यासाठी दोन्ही बापांना प्राण द्यावे लागले. पुढं 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरं ओढायचं आणि त्यांचं मांस खायचं सोडा, असं सांगितलं. ती हाक पुढं मराठवाड्यातही पोचली. कातड्याचा जुना पुरवठा त्यामुळं आटला, धंद्याला धक्का बसला. तरीही मी म्हणतो, तो धक्का हवाच होता. सक्तीनं चालणाऱ्या धंद्यात कारागिराला किंमत मिळत नाही.

धंदा खरा मोडला तो नंतर. इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोट गेली. 1972 च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले. नायलॉनची पट्टी आली. ती स्वस्त, धुता येते, भिजली तरी कुजत नाही. लग्नात हलगीच्या जागी आधी बँजो आला, मग डीजे. 2015 मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळं आता आमच्या हाती येतं ते बहुतेक म्हशीचं कातडं, तेही बाहेरच्या कारखान्यात कमावलेलं. पिशवी टांगून साल भरायची रीत आमच्याकडं मी लहानपणी शेवटची पाहिली.

तरी काम संपलेलं नाही. हलगी पथकं शहरातून पट्टे मागवतात. ढोलकीवाले, संबळवाले येतात. कॉलेजची पोरं गिटारचा पट्टा, पाकीट, किल्लीची वादी करून नेतात. राज्यानं 1974 मध्ये चर्मोद्योग महामंडळ काढलं, त्याला संत रोहिदासांचं नाव आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये इटलीच्या एका मोठ्या कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला नाव न सांगता दाखवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला आणि कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. चपलेला हा न्याय मिळाला याचा मला आनंद आहे. मराठवाड्याच्या पट्ट्याला, लगामाला, वादीला मात्र असं कुठलंही मानांकन नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे कसब जातीचं ओझं म्हणून टिकवू नका. कुठल्याही जातीच्या पोराला शिकता येईल असा हुन्नर म्हणून टिकवा. माळेगावच्या यात्रेत लावणीला, कुस्तीला, जनावरांना बक्षिसं असतात, तसं एक बक्षीस चामड्याच्या कारागिरालाही असावं. आणि तुम्ही यात्रेला आलात तर हलगी ऐकून झाल्यावर पट्टा कुणी शिवला ते विचारा, त्याचं नाव लिहून घ्या, आणि त्यानं सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या.