पाल्याचा दोष

आमच्या शाळेमागे गुंठाभर जागा आहे. तिथे मुलांकडून भाजीपाला करून घेण्याचे काम माझ्याकडे असते. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या वाफ्यात मेथी उगवलीच नाही. शेजारचे वाफे हिरवेगार आणि याचा तेवढा उघडा! “पाणी घालायचा कंटाळा केलास,” असे मी त्याला सर्वांदेखत बोललो. “घातलं होतं, गुरुजी,” एवढेच तो म्हणाला. मी ऐकले नाही.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत वनस्पतिशास्त्राच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती आले, आणि त्यात त्या मुलाचे साक्षीदारच मला भेटले.

पहिला साक्षीदार थिओफ्रास्टस, अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास त्याने लिहून ठेवले की, हरभरा जमिनीचा कस तर काढतोच, पण रानातले तणही मारतो. त्यातही सराटा सर्वांत आधी. पहाटे हरभऱ्याच्या रानात फडके फिरवून ज्यांनी आंब धरली आहे, त्यांना या पिकाचा तिखट स्वभाव नव्याने सांगायला नको. दुसरा साक्षीदार रोमचा प्लिनी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला हा ग्रंथकार सांगतो की, अक्रोडाची सावली जड, ती जवळच्या रोपांना बाधते.

बिचाऱ्या सावलीवरचा हा आळ पुढे शतकानुशतके टिकला. १८३२ साली द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने पिकांची मुळे मातीत काही द्रव्ये सोडतात, असे मांडले. एकाच रानात तेच पीक पुन्हापुन्हा का साधत नाही, याचे कारण तो त्यात शोधत होता. १९२५ साली अमेरिकेत मॅसी याने दाखवले की, काळ्या अक्रोडाची मुळे जिथवर पोचतात तिथवर टोमॅटोची झाडे कोमेजतात. १९२८ मध्ये डेव्हिसने त्यामागचे ‘जुग्लोन’ हे द्रव्य ओळखले. सावली निर्दोष सुटली!

या सगळ्या प्रकाराला ‘अ‍ॅलेलोपथी’ हे नाव १९३७ साली दिले ते व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी. हे गृहस्थ १९२८-२९ च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बसूंच्या संस्थेत काम करून गेले होते, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला.

मग एकदम गाजरगवत आठवले. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि तिथून देशभर पसरले. त्याच्या पानांत ‘पार्थेनिन’ नावाचे कडू द्रव्य असते आणि पानांचा अर्क कोवळ्या मुळांची वाढ खुंटवतो. आणि ओल टिकावी म्हणून तेच गवत कापून वाफ्यावर अंथर, असे त्या मुलाला मीच सांगितले होते! इतरांच्या वाट्याला ते पुरले नव्हते, इतकेच.

शाळा उघडताच आम्ही तीन बश्या मांडल्या. प्रत्येकीत टीपकागद आणि मोजून सारखे मेथीचे दाणे. एकीत साधे पाणी, दुसरीत गाजरगवताच्या पानांचा पातळ अर्क, तिसरीत दाट. (पाला मी हाताला कापड गुंडाळून तोडला, त्याने अंगाला खाज सुटते.) साध्या पाण्यातल्या मेथीने लांब पांढरी मुळे सोडली. पातळ अर्कात ती आखूड राहिली. दाट अर्कात बरेचसे दाणे फुगून तसेच पडले. जे उगवले त्यांची मुळे तपकिरी पडली.

बशीतला पुरावा म्हणजे वाफ्यातला नव्हे, हे मलाही कळते. मातीत पाऊस असतो, जंतू असतात; विष विरते, कुजते. पण माझा आरोप टिकला नाही, एवढे खरे.

तो मुलगा तोवर शाळा सोडून बाजारात भाजीच्या गाळ्यावर लागला होता. तिथे जाऊन मी त्याला सगळे सांगितले. “चूक माझी होती,” हेही म्हणालो. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. हात न थांबवता म्हणाला, “गुरुजी, मग आता त्या वाफ्यात काय लावलंय?”

“मेथीच,” मी म्हणालो. “पाला न अंथरता.”

त्याने एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत.